जुन्या अमेरिकन चांदीच्या चमच्या-काट्यांवरचे ठसे कसे वाचायचे

जुन्या अमेरिकन चांदीच्या मागे सरकारी हॉलमार्कची परंपरा नाही, आणि शोधातली बहुतेक गफलत इथूनच सुरू होते. इंग्लंडमध्ये परीक्षण कचेऱ्या चांदी तपासून ठसा मारत आल्या. अमेरिकेत असा कायदेशीर प्रयोग बाल्टिमोर शहरात झाला, तोही १८१४ ते १८३० एवढाच. बाकी चमच्याच्या पाठीवर जे काही उमटलेलं दिसतं, ते कारखानदाराने, सोनाराने किंवा दुकानदाराने स्वतःच मारलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक ठशासमोर दोन प्रश्न ठेवायचे: हा कोणी मारला, आणि तो कशाबद्दल बोलतोय? धातूबद्दल, बनवणाऱ्याबद्दल, विकणाऱ्याबद्दल, नक्षीच्या पेटंटबद्दल की वजनाबद्दल? एकाच चमच्यावर यातली दोन-तीन उत्तरं शेजारी शेजारी बसलेली असतात. दुकानदाराचं नाव कारखानदाराचं समजलं किंवा पेटंटचं साल घडवल्याचं साल धरलं की पुढचा सगळा शोध भलत्या वाटेला जातो.

आधी ठसा नीट दिसू द्या

लागणारं सामान थोडं: दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, लहान टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि मोबाइल.

पॉलिश लगेच करू नका. ठशाच्या खोलगट भागात बसलेला काळा थर अक्षरं वाचायला मदत करतो, आणि घासून झिजलेली कड पुन्हा येत नाही. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि सुती कापडाने टिपून घ्या, एवढं पुरे. मग टॉर्च वरून न धरता अगदी आडवा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरा आणि चमचा हळूहळू फिरवा. समोरून सपाट दिसणारी रेघ तिरप्या उजेडात अक्षर होते. चार बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढा. एकात न दिसणारा अवयव दुसऱ्यात सापडतो.

तरीही वाचता येत नसेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पातळ फॉइल ठशावर ठेवून मऊ खोडरबराने दाबा. वरून पाहिलं तर अक्षरं सुलटी दिसतात. मुलांच्या खेळण्यातल्या मातीवर ठसा घेतलात तर मात्र तो आरशातल्यासारखा उलटा येईल, त्याचा फोटो आडवा पलटून वाचा. हे विसरलं की एस अक्षर भलतंच काहीतरी भासतं आणि डावीकडे पाहणारा सिंह उजवीकडे पाहू लागतो.

आता वहीत लिहा, अंदाज न करता: डावीकडून उजवीकडे काय काय आहे, प्रत्येकाची चौकट कशी आहे (आयत, लंबगोल, ढाल, पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा चौकोन की चौकटच नाही), अक्षरं चौकटीत उठावदार आहेत की धातूत खोल रुतलेली. हा शेवटचा तपशील लोक सोडून देतात, पण त्याचा उपयोग मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सोनाराचं नाव बहुधा आयताकृती चौकटीत उठावदार असतं. रुतलेल्या अक्षरांत फक्त एक नाव आणि गाव असेल तर ते दुकानदाराचं असण्याची शक्यता आधी तपासा.

चमच्यावर आणि काट्यावर ठसा दांडीच्या पाठीमागे असतो. सुरीवर तो मुठीच्या खालच्या कडेला किंवा पात्यावर असतो. पात्यावरचं नाव पात्याच्या कारखान्याचं असू शकतं, मुठीशी त्याचा संबंध नसतो. ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्क’ दिसलं तर ती कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनची कंपनी झाली, चांदीकामाची नव्हे.

धातू सांगणारे शब्द

‘स्टर्लिंग’ म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, आपल्या सराफी भाषेत साडेब्याण्णव टंच. अमेरिकेत हा दर्जा गृहयुद्धानंतर (१८६१-६५) रुळला. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने तो १८५० च्या दशकातच घेतला होता, आणि त्या काळातल्या त्यांच्या काही वस्तूंवर ‘इंग्लिश स्टर्लिंग ९२५-१०००’ असं सापडतं. गोरहॅम कंपनीने १८६८ मध्ये स्टर्लिंग दर्जा स्वीकारला. १९०६ च्या राष्ट्रीय कायद्याने स्टर्लिंग लिहायचं तर चांदी खरोखर तेवढी हवी असं बंधन आलं. १९६१ च्या दुरुस्तीने दर्जाच्या शब्दाशेजारी कारखानदाराचं नाव किंवा नोंदलेलं चिन्हही असलंच पाहिजे असं ठरलं. नुसतं ‘९२५’ आणि शेजारी काहीच नाही, असं जुन्या अमेरिकन चमच्यावर क्वचितच असतं. ते दिसलं की आधी दुसऱ्या देशाचा विचार करा.

‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, ‘डॉलर’, ‘स्टँडर्ड’, कधी नुसतं सी किंवा डी: हे सगळे नाण्याच्या दर्जाच्या चांदीचे शब्द. अमेरिकन नाण्यात १८३७ पासून ९०० भाग चांदी होती, त्याआधी साधारण ८९२. पण या दर्जाच्या बऱ्याच चमच्यांवर दर्जाचा शब्दच नसतो, फक्त सोनाराचं नाव असतं. म्हणून ‘स्टर्लिंग’ लिहिलेलं नाही एवढ्यावरून चमचा मुलाम्याचा ठरवून भंगारात टाकू नका. मुलाम्याच्या ढिगात दहा डॉलरला मिळणारे १८३० चे चमचे याच समजुतीमुळे तिथे येऊन पडतात.

बाल्टिमोरचा हिशेब वेगळा. तिथे ‘११ औंस’ असा ठसा दिसेल. तो वजनाचा नाही, १२ औंसात ११ औंस चांदी असा अर्थ, म्हणजे ९१७ भाग. ‘१०.१५’ म्हणजे १० औंस १५ पेनीवेट (पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग), साधारण ८९६ भाग. बाल्टिमोरचे सोनार सॅम्युअल कर्क यांच्या घराण्याच्या वस्तूंवर ‘११ औंस’ पुष्कळदा मिळतं. एका चमच्यात ११ औंस चांदी असूच शकत नाही, तरी विक्रीच्या जाहिरातीत कुणीतरी तसं लिहितंच.

आता मुलाम्याचे शब्द. ‘ए१’, ‘ट्रिपल’, ‘क्वाड्रुपल प्लेट’, ‘सेक्शनल’, ‘रीइन्फोर्स्ड’ यांतला प्रत्येक शब्द वर चढवलेल्या थराबद्दल बोलतो. ‘जर्मन सिल्व्हर’, ‘निकेल सिल्व्हर’, ‘अलास्का सिल्व्हर’, ‘नेवाडा सिल्व्हर’ यांत चांदीच नसते. ‘सिल्व्हर सोल्डर्ड’ हा हॉटेलच्या भांड्यांवरचा शब्द, तो सांध्यांच्या डाकाबद्दल बोलतो, भांड्याच्या धातूबद्दल नव्हे. मुंबईच्या चोर बाजारात ज्यांनी ‘ईपीएनएस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, म्हणजे मुलामा) पाहिलंय त्यांनी लक्षात ठेवावं की ती प्रामुख्याने ब्रिटिश पद्धत; ती चार अक्षरं नाहीत म्हणून अमेरिकन वस्तू भरीव ठरत नाही. सगळ्यात फसवा शब्द होम्स अँड एडवर्ड्स या कंपनीचा: ‘स्टर्लिंग इनलेड’. चमचा टेबलाला जिथे टेकून झिजतो, नेमक्या त्या जागी स्टर्लिंगचे छोटे तुकडे बसवलेले असतात आणि बाकी सगळा मुलामा. घाईत वाचणाऱ्याला ‘स्टर्लिंग’ दिसतं आणि ‘इनलेड’ दिसत नाही.

कारखान्याचं चिन्ह

गोरहॅम हे नाव सुरुवातीलाच शिकून घ्यावं, कारण त्यावर सर्वाधिक गोंधळ होतो. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या या कंपनीचं चिन्ह सिंह, जहाजाचा नांगर आणि गॉथिक वळणाचं जी. इंग्लिश चांदी ओळखणाऱ्याच्या डोक्यात सिंह म्हणजे स्टर्लिंग, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि पुढचं अक्षर म्हणजे वर्ष, असं पक्कं बसलेलं असतं. तो गोरहॅमचा काटा बर्मिंगहॅमचा ठरवून मोकळा होतो. फरक सोपा आहे: बर्मिंगहॅमच्या वस्तूवर या तिन्हींखेरीज बनवणाऱ्याची आद्याक्षरं वेगळ्या चौकटीत असतात, आणि ‘स्टर्लिंग’ हा शब्द सहसा लिहिलेला नसतो, कारण सिंहच ते सांगतो. गोरहॅमच्या ओळीत अक्षर कायम जी असतं आणि खाली बहुधा ‘स्टर्लिंग’ असतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिन्हांची जागा ‘गोरहॅम स्टर्लिंग’ या शब्दांनी घेतली, त्यामुळे एकाच नक्षीचे आधीचे आणि नंतरचे नग वेगळे काढता येतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टनच्या रीड अँड बार्टनचं जुनं चिन्ह गरुड, ढालीत आर आणि सिंह. पुढे पूर्ण नाव आलं. १९०७ ची ‘फ्रान्सिस पहिला’ ही फळाफुलांनी भरलेली नक्षी दोन्ही ठशांनी मिळते आणि जुन्या ठशाला भाव जास्त असतो. न्यूबरीपोर्टच्या टाउलच्या चिन्हात मोठं टी आणि त्याला बिलगलेला सिंह असतो. कनेक्टिकटमधल्या वॉलिंगफर्डचे वॉलेस हरणाचं डोकं वापरत. ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या डोक्याचा पंखवाला सिंह, आणि डब्ल्यू दिसला तर व्हायटिंग. डॉमिनिक अँड हॅफ यांनी अक्षरांऐवजी आयत, वर्तुळ आणि पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा चौकोन अशी तीन चिन्हं ओळीने वापरली.

यातल्या अनेक कंपन्या एकमेकींनी गिळल्या. गोरहॅमने १९०५ मध्ये न्यू हॅम्पशायरचा डर्गिन घेतला, पुढे व्हायटिंग. डॉमिनिक अँड हॅफ १९२८ मध्ये रीड अँड बार्टनकडे गेली. कंपनीबरोबर साचेही गेले. म्हणून ‘फेअरफॅक्स’ नक्षीचा चमचा डर्गिनच्या ठशाचाही सापडतो आणि गोरहॅमच्याही. दोन्ही अस्सल, फक्त काळ वेगळा. नक्षी ओळखून कंपनी ठरवू नका. ठसा आणि नक्षी दोन्ही जुळल्या तरच पुढे जा.

रॉजर्स नावाचा गुंता स्वतंत्र आहे. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ यातला १८४७ हा ब्रँडच्या नावाचा भाग आहे. रॉजर्स बंधूंनी हार्टफर्डमध्ये मुलाम्याचा धंदा सुरू केला ते ते साल. त्या नावाने विसाव्या शतकातही लाखोंनी चमचे निघाले. ‘१८३५ आर. वॉलेस’ आणि ‘१८८१ रॉजर्स’ हेही तसेच. ढोबळ नियम असा की कंपनीच्या नावाआधी साल चिकटलेलं असेल तर वस्तू मुलाम्याची. नावाच्या दोन्ही बाजूंना नांगर आणि मध्ये ‘रॉजर्स’ असेल तर ती विल्यम रॉजर्स मॅन्युफॅक्चरिंग, तीही मुलाम्याची. १८९८ मध्ये मेरिडनला अनेक कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल सिल्व्हर उभी राहिली आणि बरीचशी रॉजर्स नावं तिच्या छत्राखाली आली. मात्र ‘रॉजर्स, लंट अँड बोलेन’ वेगळे: ग्रीनफील्डचे हे लोक स्टर्लिंग बनवत आणि पुढे लंट म्हणून ओळखले गेले.

एकट्या अक्षराचं काय करायचं

‘स्टर्लिंग’शेजारी एखादं सुटं अक्षर असेल तर त्याचा अर्थ कंपनीवर अवलंबून. टिफनीच्या वस्तूवर ते त्या वेळच्या प्रमुखाच्या आडनावाचं असतं: कॅपिटल एम १८९१ पर्यंत, टी १८९१ ते १९०२, सी १९०२ ते १९०७, आणि लहान लिपीतला एम १९०७ ते १९४७. इथे कॅपिटल आणि लहान एममध्ये पंधरा-वीस वर्षांपासून पाऊण शतकापर्यंतचा फरक पडतो, म्हणून भिंगाशिवाय निर्णय नको. गोरहॅमसह इतर काही कारखान्यांच्या चमच्यावर मात्र टी म्हणजे ‘ट्रेड’ (व्यापारी), म्हणजे हलकं वजन आणि एच म्हणजे ‘हेवी’, जड. एकाच नक्षीचा चमचा ग्राहकाच्या ऐपतीप्रमाणे पातळ-जाड पत्र्यात मिळे. टिफनीची यादी दुसऱ्या कारखान्याला लावलीत तर हलका चमचा १८९० च्या दशकातला ठरेल.

गोरहॅमच्या मोठ्या भांड्यांवर १८६८ पासून वर्षाची अक्षरं आणि मग चिन्हं असत. नेहमीच्या चमच्या-काट्यांवर ती नसतात. तिथे ती शोधण्यात वेळ घालवू नका.

पेटंटचं साल

‘पॅट. १८९५’ म्हणजे नक्षीचं पेटंट त्या वर्षी मिळालं. चमचा त्याआधीचा नाही, एवढंच त्यातून निघतं. गोरहॅमची ‘शँटिली’ १८९५ ची, विल्यम कॉडमन यांनी रेखाटलेली, आणि ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या बनत राहिली. नक्षीच्या पेटंटची मुदत तेव्हा साडेतीन, सात किंवा चौदा वर्षं असे. कारखान्याने किती वर्षांची घेतली ते मूळ कागदावर लिहिलेलं असतं. मुदत संपल्यावरही साचा बदलेपर्यंत तेच साल उमटत राहू शकतं.

पूर्ण तारीख छापलेली असेल तर एक सोपी पडताळणी आहे. अमेरिकन पेटंटं मंगळवारी दिली जातात. तुम्ही वाचलेली तारीख कॅलेंडरवर मंगळवारी येत नसेल तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचलाय: ३ आणि ८, किंवा १ आणि ७. तो बदलून पाहा आणि मग पेटंटच्या ऑनलाइन साठ्यात त्या तारखेला, डिझाइन विभागात, चमच्यांच्या दांड्यांची नोंद शोधा. तिथे रेखाटनच मिळतं. ते हातातल्या दांडीशी ताडून पाहिलं की नक्षी, रेखाटणारा आणि हक्क घेणारी कंपनी तिन्ही एकदम हाती लागतात.

स्टर्लिंगच्या आधीचे चमचे

१८६० च्या आधीच्या चमच्यांवर काम खरं कठीण आणि खरं रंजक. इथे गरुड, माणसाचं डोकं, तारा, एखादं अक्षर अशा ओळी सापडतात. त्या इंग्लिश हॉलमार्कसारख्या दिसाव्यात म्हणूनच मारलेल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यांना अर्थ नाही. पण त्यांचा क्रम आणि चौकटी ठरावीक सोनाराच्या असतात, म्हणून ओळखीसाठी त्या मौल्यवान. उदाहरणार्थ, न्यूयॉर्कचे अल्बर्ट कोल्स गरुड, डोकं आणि तिरप्या चौकोनात ए सी वापरत. कोल्ससारख्या मोठ्या बनवणाऱ्यांचा माल दूरच्या गावांतले घड्याळजी आणि सराफ घेत आणि त्यावर आपलं नाव ठोकून विकत. मग एकाच चमच्यावर न्यूयॉर्कची तीन चिन्हं आणि ओहायोचं नाव असतं. दोन्ही नोंदवा: पहिलं बनवणाऱ्याचं, दुसरं विकणाऱ्याचं.

नुसतं ‘जे. वॉर्ड’सारखं नाव मिळालं तर त्या नावाचे अनेक सोनार निघतील. इथे चमच्याचा घाट मदतीला येतो. दांडीच्या टोकावर गव्हाची पेंढी किंवा फुलांची परडी असेल तर साधारण १८१० ते १८३० चा काळ धरा, आणि त्या नावांपैकी त्या वर्षांत काम करणारे वेगळे काढा. मग शहरांच्या जुन्या छापील निर्देशिका पाहा. त्यांत नाव, धंदा आणि दुकानाचा पत्ता वर्षवार असतो. बऱ्याचशा आता स्कॅन होऊन फुकट वाचता येतात. कोरलेली आद्याक्षरं त्रिकोणात असतील तर वरचं अक्षर आडनावाचं आणि खालची दोन नवरा-बायकोची. जिथून चमचा आला ते घराणं माहीत असेल तर यावरून गावही लागू शकतं.

ठसा खरा, पण चमचा?

ठोकलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि धातू किंचित दबलेला असतो. पातळ दांडीवर दुसऱ्या बाजूला हलका उंचवटाही जाणवतो. ओतीव नकलेत कडा मऊ आणि तळ दाणेदार दिसतो. सहा चमच्यांच्या संचात ठसा प्रत्येकावर हुबेहूब त्याच जागी, त्याच तिरपेपणाने आणि त्याच ओरखड्यासह असेल तर ते एकाच मूळ चमच्यावरून ओतलेले आहेत. हाताने मारलेले सहा ठसे कधीच इतके जुळत नाहीत. बोस्टनचे प्रसिद्ध सोनार पॉल रेव्हियर यांच्या नावाचे नकली ठसे फार फिरतात. ‘रेव्हियर’ असं आयतात दिसलं तर आनंदाआधी संशय बरा. टाउलची ‘पॉल रेव्हियर’ नावाची १९०६ ची नक्षीसुद्धा आहे, तिचा त्या सोनाराशी संबंध नावापुरता.

धातू तपासायला लोहचुंबक पुरेसा नाही. निकेल सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्या चाचणीत फक्त लोखंड-पोलाद बाद होतं. घनता मोजा:

१. चमचा कोरडा करून वजन करा. समजा ३०.० ग्रॅम.
२. पूर्ण चमचा बुडेल असा उंच ग्लास पाण्याने भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खिशातल्या छोट्या काट्याची क्षमता बहुधा २०० ग्रॅम असते आणि भरलेला ग्लास ती ओलांडतो. ५०० ग्रॅम किंवा १ किलो क्षमतेचा काटा लागेल.
३. चमचा बारीक दोऱ्याने लोंबकळवून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला स्पर्श नको. काट्यावरचा आकडा लिहा.
४. वजनाला या आकड्याने भागा.

आकडा २.९ आला तर घनता १०.३ च्या आसपास, म्हणजे चांदी. ३.४५ आला तर ८.७, म्हणजे निकेल सिल्व्हर. नक्षीत अडकलेले हवेचे बुडबुडे आकडा फुगवतात आणि खरी चांदी खोटी ठरवतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि चमचा हलवून बुडबुडे सोडवा. ९०० आणि ९२५ मधला फरक मात्र या पद्धतीने कळत नाही, दोन्ही १०.३ ते १०.४ च्या घरात येतात. सुरीच्या पोकळ मुठींवर ही चाचणी निरुपयोगी. त्यांत राळ किंवा सिमेंटसारखा भरणा असतो, आणि म्हणूनच त्यांचं वजन चांदीचं वजन म्हणून धरायचं नाही.

आम्लाची चाचणी टाळता आली तर टाळा. डाग कायमचा राहतो, आणि मुलामा जाड असेल तर कानसून आत गेल्याशिवाय उत्तरही मिळत नाही. क्ष-किरण यंत्र असलेल्या परीक्षण केंद्रात ठसा न दुखवता उत्तर मिळतं, पण ते वरच्या थराचं. मुलाम्याचा संशय असेल तर घनतेचा आकडा सोबत न्या.

बदललेले नगही पाहा. चमच्याची वाटी कापून दाते केलेले ‘काटे’, साध्या चमच्यावर नंतर ठोकलेली फळांची नक्षी, पुसलेली आद्याक्षरं. पुसलेल्या जागेवर फुंकर घातली की वाफेत पुसट अक्षरं क्षणभर दिसतात, आणि चिमटीत धरल्यावर तिथला पत्रा पातळ लागतो. लांबीही मोजा: चहाचा चमचा साधारण १५ सें.मी., मोठा वाढायचा चमचा २१ सें.मी.च्या आसपास. नक्षीच्या जुन्या यादीत नसलेली लांबी म्हणजे कुणीतरी कापलेलं असण्याची शक्यता.

शोध अडला तर

ठशाची आधी आकारावरून आणि मग अक्षरावरून पुन्हा शोधाशोध करा. झिजलेलं सी बऱ्याचदा जी असतं आणि आय म्हणून वाचलेलं एल. नक्षीसाठी दांडीच्या टोकाचा सरळ समोरून फोटो घ्या आणि पाठीचाही, कारण पुढून सारख्या दिसणाऱ्या नक्षी पाठीमागे वेगळ्या निघतात. उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या रिप्लेसमेंट्स लिमिटेडच्या चित्रसाठ्यात हजारो नक्षी नावानिशी लावलेल्या आहेत. किमतींकडे दुर्लक्ष करून तो फक्त ओळखीसाठी वापरावा. गोरहॅमच्या कारखान्याची कागदपत्रं प्रॉव्हिडन्सलाच ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयात आहेत. तिथे पत्र लिहिताना ठशाचा पट्टीसकट फोटो, ग्रॅममधलं वजन, मिलिमीटरमधली लांबी आणि डावीकडून उजवीकडे लिहिलेलं ठशांचं वर्णन जोडा.